पेशीचा पंचनामा, सशाची साक्ष

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात पीएच.डी. करते. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिच्या प्रयोगशाळेत थर्माकोलचं एक भलंमोठं खोकं आलं. आत बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्या मधोमध करंगळीच्या पेराएवढी एक कुपी. कुपीच्या तळाला जेमतेम दोन थेंब. किंमत विचारली तर म्हणाली, "आई, नको विचारूस." फारच लावून धरल्यावर सांगितलं, चाळीस हजारांच्या घरात. हे म्हणे सशाच्या रक्तातून काढलेलं औषध आहे आणि त्यावरून पेशी मरतेय का ते कळतं. माझ्या शंका अशा. पेशी मेली हे नुसत्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही का? त्यासाठी ससा कशाला हवा? आणि दोन थेंबांना एवढे पैसे कसले?
ता. क. त्या सशाचं पुढे काय होतं हो?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, आधी एक लहानशी दुरुस्ती. कुपीत आहे ते औषध नाही. ते कुणाला टोचायचं नाही की पाजायचं नाही. त्याला प्रतिपिंड म्हणतात. प्रयोगशाळेतली मुलं सरसकट अँटिबॉडी म्हणतात. वस्तू तुमच्या भागाला अगदीच परकी नाही. उसाच्या फडात कुणाला घोणस चावली तर सरकारी दवाखान्यात जी सर्पदंशाची लस देतात, ती म्हणजे घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडं. घोड्याला विषाचे अगदी थोडे, त्याला सोसतील असे डोस द्यायचे. त्याचं शरीर विष ओळखायला शिकतं, ओळखणारे रेणू रक्तात सोडतं, आणि मग ते रेणू वेगळे काढायचे. आपल्याकडे हाफकिन संस्थेने हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. गर्भारपणाच्या घरगुती चाचणीत पट्टीवर रेघ उमटते, तीही प्रतिपिंडांचीच करामत.

प्रतिपिंडाला काम एकच येतं. ठरावीक आकार समोर आला की तो घट्ट धरून ठेवायचा. बाकी ते मारत नाही, कापत नाही, उजळत नाही. तुमच्या मुलीच्या कुपीतलं प्रतिपिंड धरतं ते कॅस्पेज-३ नावाच्या प्रथिनाला. कॅस्पेज-३ला म्हणताना मी थोडा ढिलेपणा केला. ते धरतं कापल्या गेलेल्या कॅस्पेज-३ला. तुमच्या मुलीने पैसे मोजले ते या 'कापल्या गेलेल्या'साठी. ते का, हे कळायला पेशी मरते कशी तिथून सुरुवात करावी लागेल.

पेशीला मरण दोन तऱ्हांनी येतं असं ढोबळ मानाने म्हणता येईल. भाजलं, चेंगरलं, रक्तपुरवठा तुटला, तर पेशी फुगते आणि फुटते. आतला ऐवज बाहेर सांडतो, आजूबाजूला सूज येते, लाली येते. ही अपघाती मरणाची तऱ्हा, आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली कुणालाही दिसते. दुसरी तऱ्हा गुपचूप आहे. पेशी आक्रसते, शेजाऱ्यांपासून सुटी होते, केंद्रकाचे तुकडे होतात, पेशीच्याच आवरणात गुंडाळलेल्या पुड्या बनतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही, काही तासांत सगळं साफ. गर्भाच्या हाताचं वल्हं असतं, त्यातून पाच बोटं सुटी होतात ती मधल्या पेशी अशा मरतात म्हणून. बदकाच्या पायात त्या तशा मरत नाहीत, म्हणून बदकाला पोहता येतं. बेडकाच्या पिल्लाचं शेपूट जातं तेही असंच.

ही दुसरी तऱ्हा जॉन केर नावाच्या ऑस्ट्रेलियन विकृतिशास्त्रज्ञाच्या नजरेत आली. लंडनमध्ये संशोधन करताना उंदरांच्या यकृताला रक्त नेणाऱ्या शिरेची फांदी बांधून पुढे काय होतं ते तो पाहत होता. ढिगाने मेलेल्या पेशी अपेक्षितच होत्या. पण धडधाकट पेशींच्या मध्ये एकेकटी, आक्रसलेली, भोवती जराही सूज नसलेली अशी पेशीही त्याला दिसायला लागली. पुढे तो स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला गेला. तिथे वायली आणि करी या दोघांबरोबर त्याने १९७२ साली या मरणावर निबंध लिहिला. नाव सुचवलं तिथल्याच ग्रीक भाषेच्या प्राध्यापकाने, जेम्स कॉर्मॅक यांनी : ॲपॉप्टोसिस, म्हणजे झाडावरून पानं गळणं. मला हे नाव फार आवडतं. मराठीत काही जण 'पेशींची आत्महत्या' लिहितात, ते मात्र मला पटत नाही. आत्महत्येत दुःख असतं. पानगळीत झाडाची सोय असते.

तर तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर : दिसतं, पण सवयीच्या डोळ्यांना, आणि तेही वेळ साधली तरच. मरायला लागल्यापासून गिळली जाईपर्यंतचा काळ काही तासांचा. काचपट्टीवर हजारो पेशींत अशा दोन-चार. आक्रसलेली पेशी ही मरणारी आहे की पट्टी तयार करताना सुकली आहे, यावर अनुभवी डॉक्टरही वाद घालतात. कर्करोगावरचं नवं औषध पेशी मारतंय का, आणि मारतंय तर कुठल्या वाटेने, असा प्रश्न असेल तर 'मला तरी मेल्यासारखी वाटते' हे उत्तर चालत नाही. साक्षीदार लागतो.

साक्षीदार सापडला तो एका किड्यामुळे. मातीत राहणारा मिलिमीटरभर लांबीचा पारदर्शक गोलकृमी, नाव सी. एलेगन्स. त्याच्या वाढीत शरीराच्या १०९० पेशी बनतात आणि बरोबर १३१ मरतात, उरतात ९५९. दर किड्यात त्याच १३१. कुठली पेशी, कुठे, केव्हा, सगळं ठरलेलं. हे मोजणारे जॉन सल्स्टन, या किड्याला प्रयोगशाळेत आणणारे सिडनी ब्रेनर आणि या मरणामागची जनुकं शोधणारे रॉबर्ट होर्विट्झ यांना २००२चं नोबेल मिळालं. होर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत सापडलेलं सेड-३ नावाचं जनुक बिघडवलं की त्या १३१ पेशी मरायच्याच थांबतात. १९९३ मध्ये कळलं की हे जनुक ज्या प्रथिनाची कृती लिहून ठेवतं ते एक कातरणारं विकर आहे, आणि माणसातही त्याची भावंडं आहेत. त्या कुटुंबाला पुढे कॅस्पेज नाव मिळालं. त्यातला तिसऱ्या क्रमांकाचा भाऊ म्हणजे तुमच्या मुलीच्या कुपीचं लक्ष्य.

कॅस्पेज-३ला ऊसतोडीचा कोयता समजा. एकदा चालायला लागला की पेशीतली शेकडो प्रथिनं तोडतो. केंद्रकाला आकार देणारा सांगाडा तोडतो. डीएनएची दुरुस्ती करणारं पार्प नावाचं प्रथिन तोडतो. डीएनए कातरणारं एक विकर पेशीने दुसऱ्या प्रथिनाच्या मिठीत जखडून ठेवलेलं असतं, ती मिठीही तोडतो. मग डीएनएचे सुमारे १८० ते २०० जोड्यांचे सारखे तुकडे पडतात. पण हा कोयता रोज घडवत नाहीत. तो प्रत्येक निरोगी पेशीत आधीपासून घडवून, म्यानात घालून ठेवलेला असतो. अखंड असतो तेव्हा २७७ अमिनो आम्लांची एक सलग साखळी, वजन सुमारे ३२ किलोडाल्टन, आणि धार जवळजवळ नाहीच. मरणाचा हुकूम आला की वरच्या पातळीवरचे कॅस्पेज ही साखळी १७५व्या अमिनो आम्लानंतर तोडतात. एक तुकडा १७ किलोडाल्टनचा, एक १२चा. दोन्ही एकमेकांना बिलगूनच राहतात, पण आता त्यांना धार आलेली असते.

इथेच मी तोंडावर आपटलो होतो, म्हणून सांगतो. प्रयोगशाळेत नवा होतो. पेशींवर औषध टाकलं, कॅस्पेज-३चं प्रतिपिंड लावलं, आणि फिल्मवर ३२ किलोडाल्टनच्या जागी काळीकुट्ट रेघ आली (ही चाचणी कशी चालते ते पुढे येईल). मी धावत सरांकडे. पेशी मरतायत, पुरावा मिळाला! सरांनी फिल्म दिव्यासमोर धरली, चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "औषध न टाकलेल्या पेशींत ही रेघ नाही का?" होती. तितकीच काळी. मी वापरलेलं प्रतिपिंड कॅस्पेज-३ कुठल्याही अवस्थेत असला तरी ओळखणारं होतं. घरात कोयता आहे एवढंच मी सिद्ध केलं होतं. तो कुठल्या घरात नसतो?

मग हवं ते काय? अखंड कोयत्याकडे ढुंकूनही न बघणारं, फक्त तुटलेल्या जागेला धरणारं प्रतिपिंड. तुम्ही मिरजेच्या, म्हणून उसाचाच दाखला देतो. अख्ख्या उसाला बाहेरून सगळीकडे सालच दिसते. कोयता बसला की एक नवा पृष्ठभाग जन्माला येतो, पांढरा, रसाळ. तो कापण्याआधी अस्तित्वातच नव्हता. साखळी १७५वर तुटली की तिचं एक मोकळं टोक तयार होतं. अखंड साखळीत तीच अमिनो आम्लं असतात, पण पुढच्या कडीत अडकलेली. मोकळं टोक म्हणून ती कुठेच नसतात. आपलं प्रतिपिंड ओळखतं ते हे कापलेलं तोंड.

आता ससा. हे मोकळं टोक कसं दिसतं ते माहीत आहे, म्हणून तेवढाच डझनभर अमिनो आम्लांचा तुकडा रसायनशाळेत बनवतात. पण एवढासा तुकडा शरीरात गेला तर शरीर दखलच घेत नाही. त्याला एखाद्या दांडग्या, परक्या प्रथिनाच्या पाठीवर बांधावं लागतं. त्यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जातं ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका मोठ्या समुद्री गोगलगायीच्या रक्तातलं प्रथिन. तिच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं, म्हणून ते निळं दिसतं. सशाच्या शरीराने असलं काही कधी पाहिलेलं नसतं, त्यामुळे ते खडबडून जागं होतं. काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा डोस देतात. मग सशाच्या कानाच्या शिरेतून थोडं रक्त घेतात.

त्या रक्तात प्रतिपिंडांची जत्रा असते. गोगलगाय ओळखणारी, सशाला लहानपणी झालेले आजार ओळखणारी, आणि आपल्याला हवी तीही. म्हणून चाळण दोनदा लावतात. पहिल्या चाळणीला अखंड साखळीचा तुकडा चिकटवलेला असतो. जे प्रतिपिंड त्यालाही धरतं ते तिथेच अडकतं आणि बाद होतं. उरलेलं दुसऱ्या चाळणीतून जातं, तिला कापलेलं टोक चिकटवलेलं. इथे जे अडकेल ते धुऊन सोडवून कुपीत भरायचं. उंदीरही चालतो, बकरीही चालते. पण सशाचं शरीर लहान तुकड्यांतले बारीक फरक चांगले टिपतं आणि एका वेळी रक्तही उंदरापेक्षा कितीतरी जास्त देतं, म्हणून या कामात ससा लाडका.

कुपी आली, पुढे काय? मुलीच्या प्रयोगशाळेत पुन्हा गेलात तर तिला वेस्टर्न ब्लॉट करताना बघा. नावाची गंमत अशी की एडविन सदर्न या शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये डीएनए ओळखण्याची एक पद्धत काढली, तिला त्यांच्या आडनावावरून सदर्न म्हणायला लागले. मग आरएनएच्या पद्धतीला थट्टेने नॉर्दर्न, आणि प्रथिनांच्या पद्धतीला १९८१ मध्ये वेस्टर्न. दिशांशी काहीही संबंध नाही.

पेशी साबणासारख्या रसायनात फोडून, निळा रंग घालून पाच मिनिटं उकळायच्या. तो निळा रस काचांच्या मधल्या जेलीच्या खाचांत सोडायचा आणि वीज लावायची. लहान प्रथिनं भराभर खाली पळतात, मोठी वर रेंगाळतात. मग जेलीवरची ती सगळी मांडणी जशीच्या तशी एका पातळ पांढऱ्या पडद्यावर उतरवायची. पडदा दुधात बुडवायचा. हो, खरंच दुधात. साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचं पाच टक्के द्रावण. पडद्याच्या मोकळ्या जागा दुधातल्या प्रथिनांनी भरल्या की प्रतिपिंड भलतीकडे चिकटत नाही. आमच्याकडे चहाचं दूध संपलं की सगळ्यांची नजर त्या डब्याकडे वळायची, आणि डब्यावर लाल अक्षरात 'पिऊ नये' लिहिलेलं असायचं.

मग पातळ केलेलं सशाचं प्रतिपिंड. कुपीतल्या दोन थेंबांत शंभर मायक्रोलिटर माल आहे. हजारात एक या प्रमाणात दहा मायक्रोलिटर घ्यायचे, म्हणजे एका पडद्याला पुरतील इतके दहा मिलिलिटर होतात. एका कुपीत असे दहा पडदे. रात्रभर थंड खोलीत पडदा डुलत राहतो. पण प्रतिपिंड चिकटलं तरी दिसणार कसं? त्याला रंग नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक प्रतिपिंड, या वेळी बकरीचं. या बकरीला सशाची प्रतिपिंडं ओळखायला शिकवलेलं असतं. तिच्या प्रतिपिंडाला मोहरीच्या कुळातल्या एका झणझणीत कंदातून काढलेलं विकर जोडलेलं असतं, आणि ते विकर योग्य रसायन मिळालं की मंद उजेड पाडतं. कंद उजेड पाडतो, बकरी सशाला धरते, ससा कोयत्याच्या कापलेल्या तोंडाला धरतो. पंचतंत्रात शोभेल.

आमच्या वेळी तो उजेड टिपायला अंधाऱ्या खोलीत क्ष-किरणांची फिल्म लावायचो. लाल दिव्यात फिल्म रसायनात हलवत असताना पांढऱ्यावर हळूहळू काळी रेघ वर येते तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. १७च्या जागी रेघ, तिच्या किंचित वर १९ला आणखी एक फिकट. साखळीचा पुढचा शेंडा अजून छाटायचा राहिला असेल तर तुकडा थोडा जड असतो. १२ला काहीच नाही, कारण १२चा तुकडा कापाच्या पलीकडचा आणि प्रतिपिंड अलीकडच्या टोकाचं. ३२लाही काहीच नाही. कुठे रेघ आली याइतकंच कुठे आली नाही ते महत्त्वाचं.

पेशी नेमकी कुठे मरतेय हे बघायचं असेल तर मेणात बसवलेल्या ऊतीचे पातळ काप काचपट्टीवर घेतात. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतीतली प्रथिनं एकमेकांत गुंतून बसतात, प्रतिपिंडाला शिरकाव मिळत नाही. तो गुंता सोडवायला पट्ट्या सायट्रेटच्या पाण्यात उकळतात, आणि अनेक प्रयोगशाळांत त्यासाठी चक्क स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर असतो. किती शिट्ट्या यावर गटागटांत मतभेद असतात. शेवटी मरणारी पेशी तपकिरी दिसते, बाकीच्या निळ्या. पद्धत नीट चालते का ते पाहायला टॉन्सिलची काचपट्टी चांगली. टॉन्सिलमध्ये रोगप्रतिकारक पेशींची सतत निवड चाललेली असते. नापास झालेल्या तिथेच मरतात आणि मोठ्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. एकही तपकिरी ठिपका नसलेलं टॉन्सिल दिसलं तर प्रयोग चुकला असं समजावं.

एक गोष्ट इथे लक्षात आली असेल. या चाचणीसाठी पेशी आधीच फोडलेली किंवा फॉर्मॅलिनमध्ये थिजवलेली लागते. प्रतिपिंड हा मोठा रेणू आहे, जिवंत पेशीच्या आत तो आपणहून शिरत नाही. म्हणून हा पंचनामाच. पेशंटच्या शरीरात टोचून 'कर्करोग मरतोय का' हे या कुपीने कळणार नाही. कुपीवर 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही.

आता साक्षीदाराच्या खोडीही सांगायला हव्यात, कारण मुली-मुलांची वर्षं वाया जातात ती इथे.

पहिली खोडी : तो सगळ्या मरणांची साक्ष देत नाही. अपघाताने फुटलेल्या पेशीत कॅस्पेज-३ कापला जात नाही. लोहामुळे पेशीच्या आवरणातली चरबी खवट होऊन येणाऱ्या मरणाला २०१२ मध्ये फेरोप्टोसिस नाव मिळालं. तिथेही हा गप्प. रेघ नाही म्हणजे पेशी जिवंत, असं म्हणता येत नाही. उलटही खरं आहे. काही पेशी कॅस्पेज थोडासा चालवतात आणि जगतात. फळमाशीत शुक्राणू घडताना नको असलेला पेशीरस छाटायला कॅस्पेजच वापरले जातात.

दुसरी खोडी जास्त वाईट, आणि तीही फळमाशीचीच. फळमाशीवर काम करणारे लोक माणसाच्या कापलेल्या कॅस्पेज-३साठी बनलेलं हे सशाचं प्रतिपिंड बरीच वर्षं बिनधास्त वापरत होते. माशीतल्या कॅस्पेज-३च्या दोन भावंडांना ते ओळखतं असं सगळे धरून चालले होते. २०१० मध्ये दोन संशोधकांनी ती दोन्ही भावंडं नसलेल्या माश्या घेतल्या आणि प्रतिपिंड लावलं. रंग तरीही आला! वरच्या पातळीवरचा ड्रॉन्क नावाचा कॅस्पेज मात्र काढला तर रंग जात होता. म्हणजे साक्षीदार खोटं बोलत नव्हता, माशीची पेशी मरणाच्या वाटेवर आहे हे त्याला कळत होतं. पण तो पाहत होता ते दुसरंच काही, आणि लोक शोधनिबंधांत त्याचं नाव चुकीचं लिहीत होते.

हे एका प्रतिपिंडापुरतं नाही. २०२३ मध्ये एका मोठ्या चमूने मज्जाविज्ञानातल्या ६५ प्रथिनांसाठी बाजारात मिळणारी ६१४ प्रतिपिंडं तपासली. रीत सरळ होती : ज्या पेशीतून ते प्रथिन जनुकासकट काढून टाकलं आहे तिथे प्रतिपिंडाने गप्प बसलं पाहिजे. बरीच बसली नाहीत. दर प्रथिनामागे सरासरी १२ प्रकाशित निबंध असे निघाले की ज्यांत नापास प्रतिपिंडावर काढलेली चित्रं होती. माझं मत विचाराल तर दोष एकट्या विकणाऱ्याचा नाही. कुपीवरचं लेबल वाचून कामाला लागणाराही तितकाच जबाबदार. सरांकडे धावलो त्या दिवशी मी तेच केलं होतं.

पैशांचं. कुपीतल्या प्रथिनाचं वजन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, तेव्हा सोन्याशी तुलना केली तर सोनं लाजेल. पण पैसे त्या वजनाचे नसतात. सशापासून चाळण्यांपर्यंतचा खटाटोप, बाद झालेल्या खेपा, प्रत्येक खेपेची परीक्षा, आणि आपल्याकडे बरीचशी प्रतिपिंडं परदेशातून बर्फात येतात त्याचा खर्च, असं सगळं त्यात आलं. मुलीला एक सांगा : कुपीत निम्मं ग्लिसरीन असेल तर उणे २० अंशांनाही ती गोठत नाही, तिचे छोटे वाटे करायची गरज नाही. ग्लिसरीन नसेल तर मात्र पहिल्याच दिवशी वाटे करून ठेवायचे. पुन्हा पुन्हा गोठवून वितळवलेलं प्रतिपिंड हळूहळू काम सोडतं, आणि सोडलं हे सांगत नाही.

आणि ससा. तुमचा ताजा कलम वाचून बरं वाटलं. शोधनिबंधात त्याच्या वाट्याला एक ओळ येते. जुन्या रीतीत एका सशाचं रक्त संपलं की दुसरा ससा, आणि दुसऱ्या सशाचं प्रतिपिंड पहिल्यासारखंच असेल याची खात्री नाही. १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी एकच पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडून तिला अमर केलं. त्यातून कायम एकाच साच्यातलं प्रतिपिंड मिळायला लागलं. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, पण त्या शोधाचं पेटंट काही निघालंच नाही. आता तर प्रतिपिंडाची कृती म्हणजे त्याच्या जनुकाची अक्षरं वाचून ठेवतात आणि बाटलीत वाढवलेल्या पेशींकडून ते बनवून घेतात. पहिली ओळख बहुधा सशाकडूनच घ्यावी लागते, पण पुढच्या हजारो कुप्यांसाठी सशाला टोचावं लागत नाही. मुलीला कुपीच्या कागदावर 'रिकॉम्बिनंट' हा शब्द आहे का ते बघायला सांगा. असेल तर तुमच्या डोळ्यांसमोर आलेला ससा निदान या कुपीसाठी तरी पिंजऱ्यात नव्हता. जुन्या रीतीने होणारी प्रतिपिंडंही बाजारात अजून आहेतच, आणि त्यांच्यामागे खरेखुरे ससे आहेत, हेही लपवत नाही.

शेवटी, मुलगी घरी येईल तेव्हा तिला एक प्रश्न विचारा. आईने असा प्रश्न विचारला की मुलं दचकतात. विचारा, "तुझ्या ब्लॉटवर एमसीएफ-७ची लेन होती का?" लेन म्हणजे जेलीच्या एका खाचेतून खाली गेलेल्या रसाची रांग. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी. १९७० साली अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये एका वृद्ध ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या घेतल्या आणि अजून जगभर वाढतायत. त्यांच्या कॅस्पेज-३च्या जनुकातली ४७ अक्षरं गळालेली आहेत, त्यामुळे त्यांच्यात हा कोयता बनतच नाही. त्या मरतात, पण दुसऱ्या भावंडांच्या हातून. त्या लेनमध्ये १७ला रेघ आली तर चाळीस हजारांची साक्ष संशयास्पद. नाही आली, आणि औषध टाकलेल्या पेशींच्या लेनमध्ये आली, तर मुलीने पेढे वाटायला हरकत नाही. एमसीएफ-७साठी फार लांब जायला नको. पुण्यातच, एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहात त्या मिळतात.